पाचव्या दिवशी हॉर्न बंद पडला, या तक्रारीला उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, "चेतकला मोठा हॉर्न बसवून घेतला. २,८५० रुपये घेतले आणि पाचव्या दिवशी हॉर्न बंद. तीन दिवस सांगून आठवडा लावला, फोन उचलत नाहीत. यापेक्षा जुना हॉर्न बरा होता. फसवतात, जाऊ नका."

उशीर झाला आणि फोन उचलला गेला नाही, या दोन्हीबद्दल मनापासून माफी मागतो. गाडी सोमवारी आली, गुरुवारी द्यायची होती, तयार झाली शनिवारी रात्री. हँडलच्या आतली हॉर्नची वायर कडक होऊन जागोजागी तडकलेली निघाली. बाहेरून टेप गुंडाळून गाडी देता आली असती, पण ते मला पटलं नाही. हँडल उघडून नवी वायर ओढली. त्याची वेगळी मजुरी लावली नाही, बिल बघा. तरी तुम्हाला कळवायला हवं होतं, ते राहिलं.

पण "फसवतात" हा शब्द मला फार लागला, साहेब. हे गॅरेज माझ्या वडिलांनी सुरू केलं. मी बावीस वर्षं इथे बसतोय, जुन्या स्कूटरींशिवाय दुसरं काम घेत नाही. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून एका लॅम्ब्रेटावाल्यांनी ठरलेलं काम रद्द केलं आणि कारणही तोंडावर सांगितलं. म्हणून हॉर्न का बंद पडला ते इथे सगळ्यांसमोर सांगतो.

तुमची चेतक सहा व्होल्टची. तिला मुळात बॅटरीच नाही. हॉर्न आणि लाइट सगळं मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या करंटवर चालतं. इंजिन पळेल तसा करंट वाढतो, त्यामुळे सिग्नलला गाडी हळू चालू असताना हॉर्न नुसता गुरगुरतो. नेमकी तीच तुमची तक्रार होती. हिंजवडीच्या रस्त्यावर बस अंगावर येते आणि हॉर्न ऐकूच जात नाही, असं तुम्ही म्हणालात.

त्यावर मी दोन मार्ग सांगितले होते. एक, १२ व्होल्टची कॉइल प्लेट, रेग्युलेटर-रेक्टिफायर (मॅग्नेटचा करंट बॅटरीला चालेल असा करून देणारा भाग) आणि सगळे बल्ब बदलायचे. मग बॅटरी गाडीवर चार्ज होते, पण खर्च जवळपास दुप्पट. तुम्ही म्हणालात, वडिलांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं थांबून घेतलेली गाडी आहे, मूळ वायरिंगला हात लावायचा नाही. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. दुसरा मार्ग, हॉर्नपुरती वेगळी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी डाव्या डिकीत ठेवायची आणि महिन्यातून एकदा काढून घरी चार्जरवर लावायची. तुम्ही हा निवडलात.

त्यात काय केलं तेही सांगतो. बॅटरी सीलबंद घेतली, कारण किक मारताना चेतक तिरकी करावी लागते, ॲसिड सांडायला नको. हॉर्नची जोडी, एक हाय आणि एक लो. जुन्या बटणाला एवढा करंट झेपत नाही, म्हणून मध्ये रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच टाकला, बटण फक्त रिलेला इशारा देतं. बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज. बटणावरची जुनी वायर पूर्ण सोडवली, म्हणजे मॅग्नेटचा करंट आणि बॅटरीचा करंट कुठेही एकत्र येत नाहीत. बॅटरी ११५०, हॉर्न ६५०, रिले-फ्यूज-वायर ३५० आणि मजुरी ७००. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जाऊन कोणीही भाव विचारावा.

आता हिशोब बघा. एक अँपिअर करंट तासभर घेतला की एक अँपिअर-अवर खर्च होतो. दोन्ही हॉर्न मिळून ७ अँपिअर घेतात, मी मीटर लावून बघितलं होतं. दिवसातून पन्नास वेळा एकेक सेकंद वाजवला तरी एक अँपिअर-अवरचा दहावा भाग खर्च होतो. महिन्याला तीन. बॅटरी सातची. म्हणजे महिनाभर वाजून निम्म्याहून जास्त उरते. पाच दिवसांत ती हॉर्नने संपूच शकत नाही.

तुम्ही रविवारी संध्याकाळी आलात, शटर अर्धं खाली होतं तरी मी गाडी आत घेतली. डिकी उघडली तर बॅटरीच्या टर्मिनलला मोबाइल चार्जरचा सॉकेट जोडलेला, वायर नुसती पिळून लावलेली आणि तीही फ्यूजच्या अलीकडून. ती मी लावलेली नव्हती. मोबाइल चार्ज होताना तो सॉकेट बॅटरीतून जवळपास एक अँपिअर ओढतो. सिंहगड रोड ते हिंजवडी जाऊन-येऊन दोन तास मॅप चालू ठेवून फोन चार्जिंगला, म्हणजे रोजचे दोन अँपिअर-अवर. सातची बॅटरी चौथ्या दिवशी संपणार. तुमची पाचव्या दिवशी संपली. मीटरवर ९.४ व्होल्ट होते, तुम्हाला दाखवले होते. लेड-ॲसिड बॅटरी इतकी खाली गेली की तिचं आयुष्य कमी होतं, ते नुकसान कोणालाच परत भरून देता येत नाही. शिवाय फ्यूजशिवायची ती वायर कुठे पत्र्याला घासली असती तर डिकीत आग लागली असती. तो सॉकेट बघून मला रागापेक्षा भीती जास्त वाटली. तुम्ही मात्र माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं नाहीत. दोन गिऱ्हाइकं आणि माझा मुलगा उभा असताना जे बोललात ते इथे लिहीत नाही.

आवाज अजून मोठा हवा होता, हेही तुम्ही त्या दिवशी म्हणालात. प्रेशर हॉर्न मी कोणालाच बसवून देत नाही. कर्कश आणि अनेक सुरांच्या हॉर्नला मोटार वाहन नियमांत बंदी आहे. पकडले गेलात तर दंड तुम्हाला, आणि रस्त्यावरच्या म्हाताऱ्या माणसाच्या कानाचं काय?

माझी एक चूक नक्की आहे. महिन्याला चार्ज करा आणि या बॅटरीवर दुसरं काही जोडू नका, हे मी तोंडी सांगितलं, लिहून दिलं नाही. गाडी न्यायला तुमचे मेहुणे आले होते, त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल. यापुढे बिलावर लिहीत जाऊ आणि फोनचीही काही सोय करतो.

तुमची बॅटरी रविवारपासून माझ्याकडे हळू चार्जवर आहे. १२.५ व्होल्टपर्यंत आलीये, पण टिकते का ते अजून दोन दिवस बघतो. नाही टिकली तर नवी खरेदीच्या भावात देईन, मजुरी घेणार नाही. मोबाइलसाठी सॉकेट हवाच असेल तर वेगळी छोटी बॅटरी आणि वेगळा फ्यूज टाकून नीट करून देतो, तिचा खर्च आधी लिहून देईन. संध्याकाळी आठपर्यंत कधीही या. तुमचा जुना हॉर्न मी पुसून, पॉइंट साफ करून पिशवीत ठेवलाय. खरंच तोच बरा वाटत असेल तर अर्ध्या तासात परत बसवून देतो, पैसे घेणार नाही.