पंधरा मिनिटांत शंभर फूट? हिशोब तरी करा

परवा रात्री अकराला कोल्हापूरजवळच्या चिखलीहून आत्याचा फोन. "राधानगरी धरण हललंय म्हणं. पंधरा मिनटांत शंभर फुटाची त्सुनामी येणार. म्हशी सोडू काय?" तो व्हिडिओ तोवर मलाही चौघांनी पाठवला होता. निळी लाट कोल्हापूरच्या शिवाजी पुलावरून जाते, खाली ओळ: 'दरवाजे आपोआप उघडले, संगणकाने सिद्ध केले.' म्हातारी बाई भर पावसात अंगणात उभी होती, म्हणून हे लिहितोय.

दरवाजे आपोआप उघडले, हे खरं. ते बांधलेतच तसे! धरण भरलं की राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं उघडतात. एकातून 1428 क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी), सातही उघडले तर दहा हजाराच्या आसपास.

आता वेग. राधानगरी ते कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. पंधरा मिनिटांत यायचं तर ताशी दोनशे. रिटर नावाच्या अभ्यासकानं 1892 साली धरण फुटल्यावरच्या लाटेचं गणित मांडलं: भिंत क्षणात नाहीशी, पात्र सपाट आणि कोरडं, घर्षण शून्य. एवढी सवलत देऊनही, धरणात चाळीस मीटर खोल पाणी धरलं तर लाटेचं टोक ताशी 143 किलोमीटरच्या पुढं जात नाही. आणि धरणाखालच्या भोगावती नदीला वळणं आहेत, बंधारे आहेत, काठाला ऊस आहे. त्याच गणितात भिंतीच्या जागी पाणी उरतं मूळ खोलीच्या चार नवमांश, म्हणजे साठ फुटांच्या आत. मग शिवाजी पुलावर शंभर फूट आणलं कुठून?

'संगणकाने सिद्ध केले' याचा मला सगळ्यात राग आला. संगणक दिलेलं गणित सोडवतो. ते खरं की खोटं हे घडलेल्या पुराशी ताडूनच कळतं. फ्रान्सचं मालपासे धरण 2 डिसेंबर 1959 ला फुटलं, चारशेवर माणसं गेली. खालच्या अंगाला विजेचे ट्रान्सफॉर्मर कधी बंद पडले त्यावरून लाट पोचल्याची वेळ मिळाली, पोलिसांनी काठावरच्या पाण्याच्या खुणा मोजल्या, 1964 मध्ये दरीची 1:400 प्रतिकृती करून त्यात पाणी सोडलं. धरणफुटीची मॉडेल आजही या आकड्यांवर घासून बघतात. तिथं शेवटच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचायला लाटेला तेवीस मिनिटांहून जास्त लागली, आणि धरणापासून समुद्रच बारा किलोमीटरच्या आसपास; म्हणजे तेवढंही अंतर नाही, इथं तर पन्नास. त्सुनामीच्या मॉडेलांनाही 1993 च्या जपानमधल्या ओकुशिरीच्या लाटेशी असंच ताडतात. या व्हिडिओवाल्यानं कशाशी ताडलं? खोली, पात्राचा उतार, एकही आकडा दिलेला नाही.

धरण फुटूच शकत नाही, असं मी म्हणत नाही. 12 जुलै 1961 चं पानशेत पुणं विसरलेलं नाही.

आत्याला सांगितलं, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघ. 39 फूट इशारा, 43 धोका. 39 झाली की म्हशी हलवायच्या, रात्र असली तरी. मी गाडी घेऊन येतो.