कौल म्हणायचं की अंदाज?

वकिलाने मोबाइलवरची बातमी मोठ्याने वाचली आणि कट्ट्यावर वाद पेटला. "दोन टक्क्यांची आघाडी, जनतेचा कौल स्पष्ट!" निवडणुकीआधीची मतचाचणी, हजार जणांची.

"हजार माणसं म्हणजे जनता?" मास्तर उखडले. "मला तर आजवर कुणी विचारलेलं नाही."

मला हे पटलं नाही. म्हटलं, "मास्तर, शितावरून भाताची परीक्षा होतेच की. चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी हजार माणसं निवडली, तर शंभरातल्या पंच्याण्णव वेळा अंदाज खऱ्या आकड्यापासून तीन टक्क्यांच्या आतच राहतो. मतदार लाखांत असोत की कोटींत."

"आणि शितं वरवरचीच काढली तर?"

इथे मास्तर बरोबर होते. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. नावं घेतली टेलिफोनच्या यादीतून, मोटारमालकांच्या नोंदींतून. ऐन मंदीत, म्हणजे खात्यापित्या घरांतलीच! त्यातून तेवीस-चोवीस लाखच परत आल्या, आणि ज्यांनी तसदी घेतली त्यांचा कल बाकीच्यांपेक्षा वेगळा होता. साप्ताहिकाने रूझवेल्टविरुद्ध उभा असलेला उमेदवार लँडन जिंकणार म्हणून सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. जॉर्ज गॅलप या चाचण्या घेणाऱ्या माणसाने कितीतरी कमी माणसं विचारून विजेता बरोबर सांगितला होता.

"ते जाऊ दे, आघाडी तर आहे ना?" वकील हटेना.

मी त्याच्याच वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. एकाला ४१, दुसऱ्याला ३९. तीन टक्के धरले तर पहिला ३८ ते ४४, दुसरा ३६ ते ४२. दोघांतल्या फरकाची चूक तर जवळजवळ दुप्पट होते. "यात आघाडी कुठे दिसते, दाखव."

तो पानाकडे बघत राहिला.

माझा राग आकड्यांवर नाही, शब्दांवर आहे. चाचणीत विचारतात, "आज मतदान झालं तर मत कुणाला द्याल?" बातमीत त्याचं होतं, "अमुक जिंकणार." पाठिंबा ४० वरून ४४ वर गेला की कुणी चार टक्के वाढ लिहितो, कुणी दहा, पहिला टक्क्यांची वजाबाकी करतो, दुसरा ४० च्या मानाने मोजतो, आणि हे वाचणाऱ्याला कुणी सांगत नाही. आणि 'कौल'! देवाला कौल लावतात, तो मिळाला की विषय संपतो. मतपेटीतून येतो तो कौल. त्याआधीचा सगळा अंदाज, आणि त्याला अंदाजच म्हणावं.

"पण ४१ आणि ३९ मिळून ८० च झाले," मास्तर म्हणाले. "बाकीचे?"

वकिलाने बातमी खाली सरकवली. अगदी तळाशी बारीक अक्षरांत होतं: 'अजून ठरवलेलं नाही, २० टक्के.'

"म्हणजे पाचातला एक," मास्तर म्हणाले. "मला विचारलं असतं, तर मीही त्यांच्यातच असतो."