नव्या फ्लॅटचा मिळकतकर: त्या मेसेजमधलं काय खरं?

पुण्यात वाघोलीपासून सूस-म्हाळुंग्यापर्यंत नव्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. त्याचा मथितार्थ असा: बिल येईपर्यंत मिळकतकर लागत नाही, स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलत आपोआप मिळते, शेजारच्या जुन्या इमारतीपेक्षा बिल जास्त आलं तर ते चुकीचं, भरू नका, आणि कराची पावती असली की बांधकाम अधिकृत.

बिलाचं आधी. कर सुरू होतो तो भोगवटा पत्राच्या (इमारत राहायला योग्य असल्याच्या पालिकेच्या दाखल्याच्या) किंवा प्रत्यक्ष वापराच्या तारखेपासून, जी आधी असेल तिच्यापासून. महापालिकेने आकारणी उशिरा केली तर मागचा सगळा कर एकदम अंगावर येतो. मात्र ताबा मिळेपर्यंतचे कर बिल्डरने भरायचे, हे रेरा कायद्यातच, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यातच आहे. त्यामुळे पहिलं बिल आलं की ताबापत्रावरची तारीख काढा आणि त्याआधीचा आकडा बिल्डरकडे मागा. हे कुणी करत नाही. सगळे पालिकेला शिव्या देऊन गप्प बसतात.

सवलत आपोआप मिळते हा समज सगळ्यात महागात पडतो. पुण्यात ही सवलत १९७० पासून होती. मध्ये राज्य शासनाने ती रद्द केली, त्यामुळे १ एप्रिल २०१९ नंतर आकारणी झालेल्या घरांना पूर्ण बिलं गेली. २०२३ मध्ये ती परत आली, पण या नव्या घरांसाठी पीटी-३ अर्जाची अट घालून. स्वतः राहता याचा पुरावा जोडून अर्ज क्षेत्रीय किंवा संपर्क कार्यालयात द्यावा लागतो. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर सवलत नाही.

आता शेजारची इमारत. समजा पालिकेने तुमच्या फ्लॅटला चौरस फुटाला महिना २ रुपये असा भाड्याचा अंदाजित दर लावला आणि क्षेत्र ७०० चौरस फूट आहे. वर्षाचे १६,८०० रुपये, त्यातून देखभालीची १० टक्के वजावट, उरले १५,१२०. सवलत मिळाली तर ९,०७२. हा कर नव्हे, करपात्र रक्कम. तिच्यावर कराचे टक्के लागतात. जुन्या इमारतीची करपात्र रक्कम तिच्या आकारणीच्या वेळच्या दराने ठरलेली, तुमची आजच्या दराने. एकाच गल्लीत दोन बिलं ती अशी. हे अन्यायाचं आहे असं मलाही वाटतं, पण अन्याय्य बिल आणि चुकीचं बिल यांत फरक आहे. क्षेत्रफळ किंवा वापराचा प्रकार चुकला असेल तर लेखी हरकत घ्या. नुसतं थकवलंत तर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) चढते.

पावतीबद्दल एवढंच: अनधिकृत बांधकामालाही पालिका कर लावते, वर शास्तीही लावू शकते. अधिकृतपणाचा कागद हवा असेल तर बिल्डरकडे भोगवटा पत्र मागा.