नानांनी तंबोरा स्वच्छ केला

मित्रानं घरच्या बैठकीसाठी नेलेला माझा तंबोरा काल परत आला. पोचवायला तो स्वतः आला नाही, काकांना पाठवलं. नाना निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर. गवसणी सोडण्याआधीच म्हणाले, "अगदी लख्ख करून आणलाय." पोटात गोळा आला.

"तारांखाली चार दोरे अडकले होते. चिमट्यानं ओढून काढले."

"अडकले नव्हते नाना, लावलेले होते."

"लावलेले? कुणी?"

"मी."

"मग आधीच काढायचे नाहीत का?"

आता यांना काय सांगायचं? घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचा, माथा सपाट वाटला तरी त्याला अगदी हलका उतार असतो आणि कंप पावणारी तार त्याला चाटून जाते. तिनं नेमकं कुठं टेकायचं, हे तो सुती दोरा ठरवतो. तारेखाली घालून तो केसभर पुढं-मागं सरकवत राहायचं. इकडे सरकला तर आवाज बद्द, तिकडे सरकला तर नुसती करकर. मधे कुठेतरी तार एकदम उघडते. ती जवारी. आधी तार सुरात लावायची, मग दोरा. सूर हलला की दोराही पुन्हा बघावा लागतो. आणि हे सगळं चार वेळा.

नाना शांतपणे म्हणाले, "म्हणजे तार घोडीवर घासते. डिझाइनमधला दोष आहे हा."

मी चंद्रशेखर वेंकट रामन यांना मधे आणलं. तार जिथे छेडावी तिथे ज्या स्वरांशाचा, म्हणजे मूळ सुरात मिसळलेल्या वरच्या सुराचा, स्थिर बिंदू येतो, तो स्वरांश नियमानं ऐकू यायला नको. तंबोऱ्यात आणि वीणेत तो येतो, कारण ही घोडी. हे त्यांनी १९२१ मध्ये लिहून ठेवलंय.

"रामन फिजिक्सचे," नाना म्हणाले. "मी मेकॅनिकल."

घोडीखालचे मणीही त्यांनी एका रेषेत आणले होते. "फार वाकडेतिकडे होते." मणी खाली सरकवला की तार ताणते आणि सूर किंचित चढतो, म्हणून प्रत्येक मणी आपापल्या जागी असतो. शाळेच्या कवायतीसाठी नसतो. पण हे सांगेपर्यंत खर्जाची पितळी तार आमच्या डोळ्यांदेखत सैल पडली.

"खुंट्या घट्ट होत्या. शिलाई मशीनचं तेल सोडलं. बघा, आता लोण्यासारख्या फिरतात."

फिरतात खऱ्या, हात न लावताही फिरतात! लाकडावर लाकूड घट्ट बसतं, एवढाच खुंटीचा आधार. आता एकेक तार उतरवून खुंटी उपसायची, खुंटी आणि भोक दोन्ही स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं, फळ्यावर लिहायचा पांढरा खडू चोळायचा आणि आत दाबत दाबत फिरवत बसवायची. हातोडी लावायची नाही, दांडीला चीर जाते. तेल लाकडात मुरलं असेल तर चार दिवसांनी खुंटी पुन्हा घसरणार आणि पुन्हा खडू.

मित्राला पुस्तक दिलं तर ते हळदीच्या अंगठ्यासकट परत येतं. येऊ दे, वाचता तरी येतं. तंबोऱ्याचं तसं नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले, आनंदच आहे. पण घोडीवर तारांचे चर पडले की कानस चालवून जवारी काढून देणारा माणूस आमच्या भागात शोधून सापडत नाही. मग भोपळा मांडीवर घेऊन रेल्वेनं मिरज गाठायची. डब्यात 'जरा बॅग ठेवू का यावर?' म्हणणारा एक तरी भेटतोच. त्याला भोपळा फुटला तर काय होतं हे समजावण्यात कराड येतं. सरकारी मानांकनात याची सोय नाही.

"एवढा त्रास घेण्यापेक्षा मोबाईलवर तंबोरा लावावा," नाना म्हणाले. वाईट म्हणजे, मारवा रागासाठी पंचमाची तार चढवून निषादात लावायची असली की माझ्याही मनात हेच येतं. ते मी नानांना सांगितलं नाही.

मित्राचा फोन सकाळपासून लागत नाही. नाना निघाले, चपला घातल्या, दारात थांबले.

"त्याच्याकडे तबल्याची जोडी आहे ना? दोन्हींच्या चामड्यावर कसलासा काळा गोल डाग पडलाय. व्हिनेगरनं निघेल का हो?"