लसणाचा पीएच 13.2? मग पानाला चुन्याऐवजी लसूणच लावा

घरच्या ग्रुपवर परवा परत तोच फॉरवर्ड आला. 2020 ला करोनाच्या नावाने फिरत होता, तेव्हा म्हणे विषाणूचा पीएच 5.5 ते 8.5 असतो, म्हणून त्याच्या वरच्या पीएचचं खा म्हणजे तो मरतो. आता करोनाच्या जागी पित्त, सांधेदुखी आणि कॅन्सर आलेत, यादी मात्र जशीच्या तशी आहे: लिंबू 9.9, आंबा 8.7, अननस 12.7, लसूण 13.2, अवोकाडो 15.6, डँडेलियन (पिवळ्या फुलाची एक विलायती रानभाजी) 22.7. खाली आपल्याकडच्याच कोणीतरी कोकम 11 असं जोडून दिलंय, म्हणजे मालवणी माणसाला विश्वास बसेल. पाठोपाठ आत्येचा मेसेज: "ह्या खरा काय गो? मी रोज लिंबू पिऊक लागलंय."

मी बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे असले मेसेज शेवटी माझ्याच दारात येतात. म्हणलं एकदाच नीट लिहून टाकू.

आधी ते 5.5 ते 8.5. विषाणूला स्वतःचा पीएच नसतो, पीएच असतो तो पाण्यात काय विरघळलंय त्याचा: 7 म्हणजे मधोमध, त्याखाली आंबट म्हणजे ॲसिड, त्यावर चुन्यासारखं अल्कली. हा आकडा एप्रिल 1991 च्या एका शोधनिबंधातला आहे, तो उंदरांच्या एका कोरोनाविषाणूवरचा, आणि त्यात एवढंच आहे की लागण झालेल्या पेशी कुठल्या पीएचला एकमेकींना चिकटून एक होतात. माणूस नाही, लिंबू तर नाहीच नाही.

आता यादी. हिला खोटं पाडायला लॅब लागत नाही, आजीचा पानाचा डबा पुरे. चुन्याच्या निवळीचा पीएच साधारण 12.4 असतो, आणि पानाला चुना जरा जास्त लागला की तोंड कसं पोळतं ते सांगायला नको. लसूण खरंच 13.2 असता तर तो त्या निवळीच्या सहापट तिखट अल्कली झाला असता, आणि आपण तो कच्चा ठेचून सुक्या खोबऱ्याच्या चटणीत घालतो! खरं म्हणजे लसूण 6 च्या आसपास असतो, अवोकाडो साडेसहाच्या आतबाहेर, अननस साडेतीनच्या आसपास, पिकलेला आंबा 4 च्या आगेमागे आणि लिंबू 2 ते अडीच. कोकमाचं आगळ, म्हणजे त्याचा घट्ट रस, लिंबाच्याच पंगतीतलं, म्हणून तर ते चिनीमातीच्या बरणीत ठेवतात, बिनकल्हईच्या पितळेत कोणी ठेवत नाही.

पटत नसेल तर करून बघा, मी रविवारी ओट्यावर केलं. हळदीचं पाणी चार वाट्यांत घेतलं. एकीत लिंबू, एकीत आगळ, एकीत ठेचलेला लसूण, एकीत नखभर चुना. चुन्याची वाटी घातल्या घातल्या लाल झाली, लसूण आणि लिंबाच्या वाट्या पिवळ्या त्या पिवळ्याच राहिल्या, आणि आगळाची आपल्या आगळाच्या रंगावर गेली त्यामुळे ती मोजायची नाही (हे आधी सुचायला हवं होतं). हळद अल्कलीत लाल होते, कुंकू पूर्वी असंच करायचे आणि हळदीच्या डागाला साबण लावल्यावर डाग लाल होतो तोही यामुळेच. आगळाची परीक्षा वेगळी घ्यायची: पाण्यात पातळ करून चिमूटभर खायचा सोडा टाका, फेस येतो आणि सोडा वाढवत गेलात की लाल रंग जाऊन जांभळट, मग मळकट निळसर होतो. अकराचं कोकम असतं तर सोलकढी गुलाबी कशाला झाली असती.

आणि 22.7 चं तर काय बोलायचं. पीएचची पट्टी 14 ला संपते असं पुस्तकात असतं, ते तितकंसं खरं नाही, खूप घट्ट कॉस्टिक सोडा 15 च्या आसपास जातो आणि घट्ट हायड्रोक्लोरिक ॲसिड शून्याच्या खाली. पण 22.7 यायला एका लिटरमध्ये 50 कोटी मोल (मोल हे रेणू मोजायचं माप) हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कलीचे कण, लागतील, आणि एक लिटर पाण्यात पाणी स्वतःच जेमतेम 55 मोल असतं! लिहिणाऱ्याला हा आकडा किलोमीटरसारखा वाटला असणार, 9 नंतर 12, 12 नंतर 22. सोरेनसेन नावाच्या माणसाने 1909 मध्ये कोपनहेगनला, चक्क एका बिअर कंपनीच्या लॅबमध्ये, ही मोजणी काढली ती अशी की एक पायरी उतरली की हायड्रोजन आयन, म्हणजे आंबटपणा आणणारे सुटे कण, दहापट. लिंबाचा 2.3 धरा, तर 9.9 म्हणणारा माणूस चार कोटी पटीने चुकलाय. उलट बाजूने समुद्राचं बघा, वरच्या पाण्याचा पीएच कारखान्यांचं युग सुरू झाल्यापासून 8.2 वरून 8.1 वर आलाय, नुसता 0.1, पण त्याचा अर्थ आयन पाव हिश्शाने वाढले, आणि तिसऱ्या-कालवांना कवच बांधायला तेवढंही जड जातं.

फॉरवर्डमधलं पुढचं वाक्य: "पीएच जितका कमी तितकं ॲसिड जहाल." इथे माझी बारावीची हुशार पोरंपण पडतात. ॲसिड स्ट्राँग की वीक हे त्याचे किती रेणू पाण्यात फुटतात त्यावर ठरतं, आणि पीएच म्हणजे आत्ता त्या भांड्यात किती आयन सुटे आहेत ते. हायड्रोक्लोरिकचे सगळेच्या सगळे फुटतात, व्हिनेगरच्या अॅसेटिक ॲसिडचे हजारात चार-पाच, लिंबातल्या सायट्रिकचे शंभरात चार-पाच. म्हणून लिंबाचा पीएच 2 च्या घरात असला तरी सायट्रिक वीकच, आणि हायड्रोक्लोरिकचे दोन थेंब बादलीभर पाण्यात टाकले तर पीएच लिंबापेक्षा वर, पण ॲसिड स्ट्राँगच. आणि वीक म्हणजे गरीब असंही नाही, हायड्रोफ्लोरिक वीक आहे आणि काच खातं, कातडीतून आत हाडापर्यंत जातं. उलट काजूबी फोडताना तेल लागून हात भाजतात, तेव्हा लोक "ॲसिड असतं त्यात" म्हणतात, त्यात ॲसिड असतं हे खरं, ॲनाकार्डिक, पण तेही वीकच. कातडी सोलते ती त्या तेलातल्या फिनॉलसारख्या द्रव्यांमुळे, पीएचमुळे नाही.

"लिंबू पोटात गेलं की अल्कलाइन होतं" यात मात्र दाणाभर खरं आहे, ते लपवत नाही. सायट्रेट शरीरात जळलं की बायकार्बोनेट उरतं आणि लघवी कमी आंबट होते, काही मूतखड्यांवर डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात ते याचसाठी. पण रक्त? ते 7.35 ते 7.45 मध्येच राहतं, फुप्फुसं आणि किडन्या राखतात. लिंबू-सरबताने ते हललं असतं तर मे महिन्यात अर्धं कोकण आयसीयूत असतं. आत्येला एवढंच सांगितलं की लिंबू पी, पण पित्ताची गोळी त्यासाठी बंद करू नको.

शेवटी खरा माल येतो, फॉरवर्डच्या तळाला पाणी अल्कलाइन करायचं मशीन विकणाऱ्याचा नंबर. "तुमच्या विहिरीचं पाणी 6.5 म्हणजे ॲसिड, आमचं 9.5." पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 6.5 ते 8.5 चालतं. आणि 9.5 चा एक ग्लास, बाकीचे क्षार सोडले तर, पोटातलं 2 पीएचचं ॲसिड किती मारेल याचा हिशोब केला तर एक मिलीसुद्धा येत नाही, चमचाभरही नाही. मशीनवाला डेमोला आला आणि ग्लासात पीएचप्रमाणे रंग बदलणारे थेंब टाकून निळं-जांभळं पाणी दाखवायला लागला, तर त्याच ग्लासात लिंबाचे चार थेंब पिळा आणि रंग किती वेळ टिकतो बघा.