सात पाने कापा, नाहीतर नऊ वाढवा

१९४६ साली बेळगावात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि दहा वर्षांनी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव नेमके म्हैसूर राज्यात गेले. ज्या गावात ठराव असे फळाला येतात, तेथील लेखकाने प्रकाशकाच्या ‘महिन्याभरात कळवतो’ या वाक्यावर वर्षानुवर्षे विश्वास ठेवला, तर त्यात नवल ते काय? वाट पाहणे हा आम्हा सीमाभागातल्या लोकांचा वडिलोपार्जित धंदाच आहे.

आमचे हस्तलिखित साडेतीनशेएक किलोमीटर प्रवास करून पुण्याला पोहोचते, तेव्हा पाकिटावरचे ‘कर्नाटक’ वाचून तिकडची मंडळी हळहळतात. ‘तुमच्याकडे अजून मराठी वाचतात का हो?’ असे एका संपादकांनी मला इतक्या मायेने विचारले की, आमच्या गावात १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय चालू आहे हे सांगून त्यांचा हिरमोड करणे माझ्या जिवावर आले.

कादंबरी स्वीकारली गेली, तेव्हा मला वाटले होते की आता साहित्यावर चर्चा होईल. चर्चा झाली ती फॉर्मवर. छपाईचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा संच, सोळा पानांचा असतो, माझी कादंबरी भरली १३५ पानांची, म्हणजे आठ फॉर्म होऊन वर सात पाने उरली. ‘सात कापा, नाहीतर नऊ वाढवा, कोरी पाने सोडायला कागद फुकट येत नाही,’ असे प्रकाशकांनी सांगितले. वाढीव पानांचा खर्च माझ्याकडेच येणार असल्याने मी नायकाच्या थोरल्या आत्याकडे पाहिले. सोळाव्या वर्षी विधवा होऊन निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबलेली ती मानी बाई जेमतेम सात पानांत मावत होती. तिला काढल्याने कथानकाला धक्का लागत नव्हता, एवढाच तिचा गुन्हा. पुढे मुद्रितशोधनात तीनदा नजर फिरवूनही शेवटच्या प्रकरणातली ‘आत्याने ताट वाढले’ ही ओळ सर्वांच्याच हातून सुटली आणि छापील पुस्तकात कोठून आली, कोण, कोणाची याचा काही पत्ता नसलेली एक आत्या मुकाट्याने भात वाढून निघून गेली.

करारानुसार तीनशे प्रती लेखकाने ‘सवलतीत’ घ्यायच्या होत्या. विक्रेत्याला तीस-चाळीस टक्के कमिशन द्यावे लागते, ते आपल्या ओळखीत वाचेल, असा त्यामागचा हिशेब मला समजावून सांगण्यात आला. ओळखीचे लोक प्रकाशन समारंभाला आले, शाल-श्रीफळ झाले, कुंदा वाटला, आणि मग प्रत्येकाने ‘सप्रेम भेट’ असे सहीसकट लिहून घेतले. किंमत सांगितली तेव्हा शहापुरातले एक जुने स्नेही दुखावून म्हणाले, ‘आमच्याकडनं पैसे घेता होय सर?’ उरलेले गठ्ठे माळ्यावर चढले. बेळगावचा पाऊस जूनमध्ये बसला की भिंतींना घाम फुटतो. त्या ओलीत माझी पहिली आवृत्ती कसरीने मन लावून वाचायला घेतली. तिने मात्र सवलत मागितली नाही.

एवढे होऊनही आमच्या भागात लेखणी खाली ठेवता येत नाही, याचा दोष मी गावोगावच्या संमेलनांना देतो. दिवाळी सरली की कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांतून एकेक साहित्य संमेलन सुरू होते. पहाटे सडा-रांगोळी होते, ग्रंथदिंडी निघते, भजनी मंडळाचे टाळ वाजतात, बाया नऊवारी नेसून डोक्यावर कळस घेतात, आणि रविवारची शेतीची कामे बाजूला ठेवून माणसे मांडवात दिवसभर मांडी घालून बसतात. सरकारी अनुदानावर पोसलेल्या मोठ्या संमेलनांपेक्षा मला ही संमेलने अधिक खरी वाटतात, कारण येथे अध्यक्षांचे भाषण लांबले तरी कोणी उठत नाही; फार तर पेंगतो. पुस्तकांच्या स्टॉलवर हाताळणाऱ्यांची गर्दी घेणाऱ्यांपेक्षा मोठी असते, हे खरे. पण ऐकायला सारा गाव असतो. जेवणाच्या पंगतीत आमटी वाढता वाढता कोणीतरी हमखास विचारतो, ‘सध्या काय लिहूलासा सर?’ मागचे वाचले का, हे विचारण्याची आपल्याला छाती होत नाही, आणि ‘काहीच नाही’ म्हणावे तर भरल्या पंगतीत अपशकुन केल्यासारखे होते. मग ‘चालले आहे थोडेफार’ असे तोंडातून निघते, ते सगळीकडे पसरते, आणि पुढच्या वर्षीपर्यंत ते खरे करून दाखवण्याची पाळी येते.

गेल्या वेळी मात्र एका गावात, मांडवाच्या मागच्या बाजूला, विडीकामगार असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला गाठले. वाचनालयातून आणलेली माझी कादंबरी त्यांच्या नातीने त्यांना वाचून दाखवली होती. मी नमस्कार केला, तोही न घेता त्यांनी विचारले, ‘ती भात वाढून गेलेली आत्या कोण हो? तिचं पुढं काय झालं?’

त्यांना काय सांगणार? फॉर्मचा हिशेब त्यांना पटला नसता. घरी येऊन आत्याची कापलेली सात पाने शोधून काढली आणि त्या पानांच्या पुढे लिहीत सुटलो. आता ती एकशे एकतीस पानांवर वखारीच्या मालकाशी भांडते आहे, आणि वरची तीन पाने कापून तिला गप्प करणे मला शक्य दिसत नसल्याने वाढीव तेरा पानांच्या खर्चाची तजवीज कोठून करावी, याचीच विवंचना तेवढी राहिली आहे.