पापलेटाचे कल्ले बघता, मग बिअरची तारीख का विचारत नाही?

मुंबईत कुणी डोळे झाकून मासळी घेत नाही. कल्ला उचलून लाल आहे का बघायचं, पोटाला बोट लावायचं, डोळा पांढरा पडलाय का तपासायचं, आणि मावशी कितीही "सकालचाच हाय" म्हणाली तरी शेजारच्या पाटीवर एक नजर टाकायचीच. आणि हाच चोखंदळ माणूस रात्री लोअर परळला टॅपरूममध्ये (नळावरची बिअर देणाऱ्या बारमध्ये) बसतो, एका ग्लासाचे चारशे रुपये देतो, आणि ही बिअर कुठे बनली, कधी बनली, केग (बिअरचं पिंप) कधी उघडला, यातलं एक अक्षर विचारत नाही. मला याचा मनापासून त्रास होतो. नळावरची क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या ब्रुअरीत बनलेली बिअर, मासळीसारखीच नाशवंत आहे. आपल्याला हे कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही, म्हणून या शहरात चांगली बनलेली बिअर वाईट अवस्थेत प्यायली जाते.

वाइन शॉपमधली नेहमीची बाटली गाळलेली आणि पाश्चराइझ केलेली (जंतू मरावेत म्हणून तापवलेली) असते, त्यामुळे ती महिनोन्‌महिने टिकते. ब्रुअरीतून केगमध्ये भरून येणारी बिअर बहुतेक वेळा पाश्चराइझ केलेली नसते, आणि गव्हाची असेल तर गाळलेलीही नसते. हेफेवायझन ही जर्मन धाटणीची गव्हाची बिअर गढूळ दिसते ती त्यातल्या यीस्टमुळे (बिअर आंबवणाऱ्या बुरशीमुळे) आणि गव्हाच्या प्रथिनांमुळे. तिला जो केळ्याचा वास आणि मागून हलकी लवंग लागते, ती दोन्ही यीस्टची करामत. आत ना केळं घातलेलं असतं, ना लवंग. विटबिअर या बेल्जियन धाटणीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र खरोखर धने आणि संत्र्याची साल घालतात, म्हणून आपल्या जिभेला ती पहिल्याच घोटात ओळखीची वाटते. हे सगळे वास नाजूक असतात. उष्णता लागली, हवा लागली, दिवस उलटले की ते जातात आणि मागे उरतो भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. तो बनवणाऱ्याचा दोष नसतो, ती शिळी झालेली बिअर असते.

सगळ्यात जास्त नुकसान आयपीएचं, म्हणजे भरपूर हॉप्सच्या 'इंडिया पेल एल'चं होतं. मागे एका ब्रुअरीत ब्रुअरने टाकीच्या बाजूचा छोटा कॉक उघडून मला अर्धा ग्लास काढून दिला होता. हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) शेवटी थंड बिअरमध्ये टाकून ठेवले होते, दोन दिवसांपूर्वीच बाहेर काढलेले. ग्लास नाकाजवळ आणायच्या आधीच वास आला. मोसंबीची साल नखाने खरवडल्यावर येतो तसा, आणि त्याच्या मागे कच्ची कैरी. कडवटपणा होता, पण स्वच्छ. घोट संपला की जीभ पुन्हा कोरी. काही आठवड्यांनी तीच बिअर अंधेरीतल्या एका बारमध्ये दिसली आणि मी हौसेने मागवली. रंग एक छटा गडद झालेला, फेस मिनिटभरात बसला, वास जवळजवळ नाहीच. चव गोडसर, आणि कडवटपणा घशात अडकून राहणारा. वेटर दादांना विचारलं तर ते म्हणाले, "मॅडम, आयपीए असाच लागतो." मॅनेजर आले. केग कधी उघडला ते त्यांनाही सांगता येईना. शेजारच्या टेबलावर एक मुलगा आयुष्यातली पहिली आयपीए पीत होता. त्याने तोंड वाकडं केलं, ग्लास बाजूला सारला आणि नेहमीची बाटली मागवली. तो पुन्हा कधी आयपीए मागवेल असं मला वाटत नाही, आणि मला खरं वाईट वाटलं ते त्याचं.

आयपीए तर इंग्लंडहून जहाजाने चार-सहा महिने प्रवास करून मुंबईत यायची, तेव्हा नाही का टिकत, असं मला हमखास ऐकवलं जातं. प्रश्न रास्त आहे. लंडनला बो इथे हॉजसनची ब्रुअरी होती, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथून सुटायची त्या गोदीच्या जवळ. तिथली पेल एल (फिकट रंगाची बिअर) मुंबई, मद्रास, कलकत्त्याला येत असे. १८२० च्या दशकात इंग्लंडमधल्याच बर्टन गावच्या ऑलसॉप ब्रुअरीने या व्यापारात उडी घेतली. ती बिअर मुरण्यासाठीच बनवलेली असायची, भरपूर हॉप्स घालून, आणि जहाजाच्या पोटात ती मुरायचीही. (गोऱ्या शिपायांच्या बराकींमध्ये खपायची ती मुख्यतः काळी पोर्टर; पेल एल होती साहेबलोकांची. हा भाग गोष्टीतून नेहमी गळतो.) आज आपण जी आयपीए पितो ती नावाने तिची वारस असली तरी घडण अमेरिकेतली आहे. सिएरा नेवाडा या तिथल्या ब्रुअरीने १९८० मध्ये कॅस्केड नावाच्या हॉप्सवर आपली पेल एल उभी केली, आणि तिथून पुढे सगळा भर कडवटपणावरून वासावर सरकत गेला. वास टिकत नाही. सॅन दिएगोजवळच्या स्टोन ब्रुइंगने तर २०१२ पासून 'एन्जॉय बाय' नावाची आयपीए काढली आणि ती कोणत्या तारखेच्या आत संपवायची ती तारीख थेट नावातच घातली. जेमतेम पाच आठवड्यांची मुदत! समुद्रकाठच्या त्या शहराच्या आसपास बिअर बनवणाऱ्यांनी गिऱ्हाइकाला तारीख वाचायची सवय लावली. आपल्या समुद्रकाठी ती का लागू नये?

आता बिअर येते कुठून ते बघा. महाराष्ट्रात या सगळ्याची सुरुवात पुण्यात झाली, २००९ मध्ये, डूलाली या ब्रुअरीपासून. मुंबईत लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात बार्किंग डिअरने पहिला ब्रू-पब (जागेवरच बिअर बनवणारा बार) उभा केला, मग व्हाइट ओउल आली, अंधेरीला इंडिपेंडन्स आली, बंगळुरूची टॉइट आली. पण माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती आमच्या डोंबिवलीत. २०१४ च्या सुमारास गेटवे ब्रुइंगने एमआयडीसीत बिअर बनवायला घेतली आणि केग भरून मुंबईतल्या बारना द्यायला सुरुवात केली. रंगाच्या, रसायनांच्या कारखान्यांच्या शेजारी, जिथे आमच्या सोसायटीतले काका लोक तीस-तीस वर्षं पाळ्या करत आले, तिथे गव्हाची बिअर शिजत होती, आणि कुलाब्यात बसून ती पिणाऱ्यांना याचा पत्ताही नव्हता. मला याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

महाराष्ट्रात छोट्या ब्रुअरीला केग बाहेरच्या बारना विकता येतात, म्हणून हे शक्य झालं. त्यामुळे ज्या टॅपरूममध्ये तुम्ही बसता तिथे बहुतेकदा बिअर बनत नाही. ती शहराबाहेरून टेम्पोतून येते. मे महिन्यात शीळफाट्याला अडकलेला टेम्पो डोळ्यांसमोर आणा, म्हणजे केग थंड ठेवून आणणं किती महत्त्वाचं आहे ते कळेल. जागेवर बनवणारे वेगळे आणि बाहेरून आणणारे वेगळे, आणि बाहेरून आणणं यात कमीपणा काही नाही. फक्त ते सांगा. काचेआड तांब्याची चकचकीत टाकी दिसली म्हणून ग्लासातली बिअर तिथलीच, असं धरून चालू नका.

प्रत्येक ठिकाणी मेन्यूत हेफेवायझन पहिली का असते, याचाही मी बराच विचार केलाय. लोकांना आवडते, हे एक. कडवट नाही, थोडी गोडसर, मोठ्या कंपनीच्या लागरवरून (नेहमीच्या बाटलीतल्या बिअरवरून) उडी मारायला सोपी. पण खरं कारण जागेचं भाडं आहे. गव्हाची बिअर दोन-तीन आठवड्यांत टाकीबाहेर पडते. पिल्सनरसारखी अस्सल लागर थंडीत हळूहळू आंबते आणि मग शून्याच्या आसपास आठवडेच्या आठवडे पडून राहते. पाच-सहा आठवडे एक टाकी अडकली. त्याच टाकीतून तेवढ्या दिवसांत हेफेवायझनचे दोन घाणे निघाले असते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्या जमिनींवर काचेचे टॉवर आले, आणि तिथल्या चौरस फुटाचा भाव काय आहे ते सांगायला नको. टाकीत काय शिजणार हे ब्रुअरच्या आवडीइतकंच त्या भावावर ठरतं.

आणि यात मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती पाण्याची. भातसा, तानसा, वैतरणा, मोडकसागर. मुंबईला मिळतं ते पावसाचं, तलावाचं, मऊ पाणी. क्षार कमी. बर्टनच्या पाण्यात जिप्सम हा क्षार मुबलक, म्हणून तिथे हॉप्सचा कडवटपणा खुलायचा. चेक देशातल्या पिल्सन गावचं पाणी मऊ, म्हणून १८४२ मध्ये तिथे जी सोनेरी लागर जन्मली ती इतकी गुळगुळीत झाली. आयपीए करायची तर मुंबईच्या ब्रुअरला पाण्यात जिप्सम घालावं लागतं. पिल्सनरसाठी निसर्गाने अर्धं काम आधीच करून ठेवलंय. या शहराची स्वतःची म्हणावी अशी बिअर कोणती असेल तर ती शहापूरकडच्या पावसाच्या पाण्यात शिजलेली, सहा आठवडे निवांत थंड झालेली पिल्सनर, असं माझं ठाम मत आहे. आणि ती मला फार कमी ठिकाणी, फार कमी वेळा मिळते.

त्याऐवजी मे महिना आला की सगळीकडे आंबा. आंब्याला माझा विरोध कसा असेल? पण सरबताचा पाक घालून गोड केलेली बिअर म्हणजे आंब्याची बिअर नाही. खरा रस आंबताना टाकला तर त्यातली बहुतेक साखर यीस्ट खाऊन टाकतं, गोडी जाते आणि आंब्याचा नुसता वास आणि किंचित आंबटपणा राहतो. अशी एखादी चाखली की फरक लगेच कळतो. कोकम, जांभूळ, नाचणी, ज्वारी यांवर इथे आणि पुण्यात जे प्रयोग चालतात ते मी आवर्जून शोधून पिते, आणि कोकमाला तर आंबट-खारट गोझे ही जर्मन पद्धत अगदी शोभून दिसते. फसलेला प्रयोगही मी पैसे देऊन पिईन, फक्त तो ताजा असू दे.

तर करायचं काय? फार काही नाही. बसल्यावर आधी विचारा, "आज नवीन केग कोणता लागलाय?" चांगल्या जागी वेटर दादा आत जाऊन विचारून येतात, आणि पुढच्या वेळी तुम्ही दिसलात की आपणहून सांगतात. चव घ्यायला थोडी मागा, जवळजवळ सगळीकडे देतात. हलकी आधी, मग हॉप्सवाली, काळी शेवटी, नाहीतर स्टाउटनंतर विटबिअर पाण्यासारखी लागेल. बारा नळ असलेल्या जागेपेक्षा सहा नळ असलेली मला जास्त आवडते, कारण बारातले चारच जोरात चालतात आणि उरलेल्या आठांत बिअर म्हातारी होत बसते. एकाच बारमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या बिअरना सारखाच आंबूस वास येत असेल तर बिअर बदलू नका, बार बदला. तिथे केगपासून नळापर्यंतचे पाइप धुतलेले नाहीत. दर दोन आठवड्यांनी ते धुवायलाच हवेत. इम्पीरियल स्टाउट आणि बार्लीवाइन या जड बिअर मुरून चांगल्या होतात, त्यांना तारखेची ही घाई नाही. घरी न्यायची असेल तर २०२० च्या लॉकडाउनपासून आपल्याकडे ग्राउलर (नळावरून भरून न्यायची मोठी बाटली) मिळू लागलेत. ती बाटली सरळ फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा, पाहुणे येतील म्हणून राखून ठेवू नका. आणि लोकलने या-जा. गाडी नको.

ब्रुअरी आणि बार चालवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आजही प्यायला परवाना लागतो, बिअरसाठी वय एकवीस पूर्ण लागतं, तुमच्या भिंतीवर लायसन्सच्या चौकटी टांगलेल्या असतात. एवढी कागदपत्रं तुम्ही सांभाळता. मग फळ्यावर बिअरच्या नावापुढे अल्कोहोलचं प्रमाण लिहिता तसं आणखी दोन गोष्टी लिहा: कुठे बनली आणि केग कधी लागला. खडूने लिहिलं तरी चालेल. जुनी तारीख दिसली तर आम्ही दुसरं काही मागवू, उठून जाणार नाही. आणि ब्रुअर मंडळी, एक टाकी पिल्सनरसाठी राखा. सहा आठवड्यांचं भाडं लावून ग्लास पन्नास-साठ रुपयांनी महाग केलात तरी देणारे आहोत. निदान डोंबिवलीहून आम्ही चौघीजणी नक्की येऊ.